न्यूमॅटोफोर म्हणजे काय? तिवराची श्वसनमुळं आणि ब्लू बॉटलची वायुपिशवी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा शब्द कोकणच्या किनाऱ्यावर दोन अगदी वेगळ्या जागी भेटतो: खाडीच्या चिखलात आणि पावसाळ्यातल्या पुळणीवर. रत्नागिरीत जीवशास्त्र शिकवताना मुलं, पालक, शिक्षक आणि खाडीकाठी होमस्टे चालवणारी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांब झाली आहेत, कारण तिथे घोळ जास्त आहे.

न्यूमॅटोफोर म्हणजे नेमकं काय?

हवा वाहून नेणारा किंवा हवा बाळगणारा अवयव. शब्द ग्रीकवरून आला आहे. न्यूमा म्हणजे श्वास किंवा वारा आणि फोर म्हणजे वाहणारा.

वनस्पतिशास्त्रात न्यूमॅटोफोर म्हणजे दलदलीतल्या झाडाचं, उदाहरणार्थ खाडीतल्या तिवराचं, जमिनीतून वर, हवेत आलेलं मूळ. हवेतला ऑक्सिजन चिखलाखालच्या मुळांपर्यंत पोचवणं हे त्याचं काम. मराठी पुस्तकांत त्याला श्वसनमूळ म्हणतात.

प्राणिशास्त्रात न्यूमॅटोफोर म्हणजे सायफोनोफोर नावाच्या समुद्री जीवांच्या वरच्या टोकाला असणारी, वायूने भरलेली पिशवी. पावसाळ्यात पुळणीवर येणारी निळी ब्लू बॉटल त्यांतलीच. ही पिशवी त्यांना पाण्यात तरंगत किंवा उभं ठेवते. खाली मी तिला वायुपिशवी म्हटलं आहे.

नाव एकच, मग हे दोन अवयव एकमेकांचे नातेवाईक आहेत का?

नाहीत. झाडाचं मूळ आणि समुद्री जीवाची पिशवी एका पूर्वजाकडून आलेली नाही, हे उघड आहे. पण विद्यार्थी इथे दुसरी चूक करतात. पक्ष्याचे पंख आणि फुलपाखराचे पंख जसे वेगळ्या वाटेने येऊन एकाच कामाला लागले, तसंच हे असेल असं ते धरून चालतात. तेही खरं नाही, कारण इथे कामसुद्धा वेगळं आहे. तिवराचं मूळ श्वासासाठी आहे आणि त्याला भोकं असावीच लागतात. ती बुजली की ते निकामी होतं. ब्लू बॉटलची पिशवी तरंगण्यासाठी आहे आणि तिला बंदच राहावं लागतं. ती फाटली की निकामी. मुळातली हवा बाहेरून येते, पिशवीतला वायू प्राणी स्वतःच्या शरीरात बनवतो.

म्हणून शब्द कुठेही वाचलात तरी आधी तीन गोष्टी पाहा. आतली हवा कुठून आली? ती कुठे जाते? आणि वाट बंद झाली तर काय होतं? या तिन्हींची उत्तरं मिळाली की व्याख्या पाठ करायची गरज उरत नाही.

खाडीच्या चिखलात मुळांना हवा का मिळत नाही?

शेतातल्या मातीच्या कणांमध्ये हवेच्या फटी असतात. खाडीचा चिखल अतिशय बारीक कणांचा, आणि त्या फटी भरतीच्या पाण्याने कायम भरलेल्या. ऑक्सिजन हवेत जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे १०,००० पट कमी वेगाने पाण्यात पसरतो. वरून जो थोडाफार झिरपतो, तो वरच्या काही मिलिमीटरांतले जीवाणूच संपवतात. त्याखाली ऑक्सिजनविना जगणाऱ्या जीवाणूंचं राज्य असतं. ते समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. ओहोटीला खाजणात पाय घातला की येणारा नासक्या अंड्याचा वास त्याचाच. चिखलाचा काळा रंग लोहाच्या सल्फाइडचा.

मुळांच्या पेशी जिवंत असतात आणि त्यांनाही श्वसन करावं लागतं. पानं भर उन्हात कितीही ऑक्सिजन तयार करोत, तो इतक्या खालपर्यंत पुरेसा पोचत नाही. मग झाडाने मुळंच वर काढली.

मुळं जमिनीतून वर कशी येतात? मुळं तर खाली वाढतात ना?

तिवराची मुख्य मुळं चिखलात खोल जात नाहीत. ती पृष्ठभागाखाली थोड्या अंतरावर आडवी धावतात, झाडापासून बरीच लांब. या आडव्या मुळांवर ठरावीक अंतराने फांद्या फुटतात आणि त्या गुरुत्वाच्या उलट दिशेने, सरळ वर वाढतात. म्हणून ओहोटीला पाहिलं तर श्वसनमुळांच्या रांगा झाडापासून निघून चारी दिशांना गेलेल्या दिसतात. एक रांग धरून मागे गेलात तर ती कोणत्या झाडाची आहे हे कळतं. मुलांना हा शोध फार आवडतो.

श्वसनमुळाचा चिखलात राहिलेला भागही रिकामा बसत नाही. त्याला बारीक तंतुमुळं फुटतात आणि वरच्या थरातली पोषकद्रव्यं शोषतात. गाळ साचून पातळी वर चढली की नवी तंतुमुळं आणखी वर फुटतात.

मुळाच्या आत हवा जाते कशी?

इथे थोडं थांबून समजून घ्यायला हवं, कारण पुस्तकात हे सगळं एका वाक्यात उरकलेलं असतं.

श्वसनमूळ हातात न घेता, वाकून जवळून पाहा. सालीवर बारीक, किंचित फुगीर ठिपके दिसतील. ती वल्करंध्रं. त्यांची रचना अशी, की हवा आत जाते, पण भरतीच्या वेळी पाणी आत शिरत नाही. वल्करंध्रांच्या आत एरेंकायमा, म्हणजे मोठमोठ्या हवेच्या पोकळ्या असलेली ऊती असते. या पोकळ्या श्वसनमुळापासून खालच्या आडव्या मुळापर्यंत सलग जोडलेल्या असतात. ओहोटीला मूळ उघडं असताना ऑक्सिजन या वाटेने खाली पसरतो.

भरती आली की गंमत सुरू होते. वल्करंध्रं पाण्याखाली गेली, बाहेरून हवा बंद. आतल्या पेशी मात्र श्वसन करतच राहतात. साठलेला ऑक्सिजन वापरला जातो. त्याच्या बदल्यात तयार होणारा कार्बन डायऑक्साइड पाण्यात सहज विरघळतो, त्यामुळे गेलेल्या ऑक्सिजनची जागा वायूने भरून निघत नाही. परिणामी मुळाच्या आतला दाब हळूहळू कमी होत जातो. पाणी उतरून वल्करंध्रं उघडी पडली की बाहेरची हवा त्या कमी दाबाकडे ओढली जाते. औषधाच्या ड्रॉपरचा रबरी फुगा दाबून सोडल्यावर जे होतं, तेच इथे भरती-ओहोटीच्या लयीत, दिवसातून दोनदा होतं.

हे नुसतं तर्काने सांगितलेलं नाही. शास्त्रज्ञ शोलँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये खारफुटीच्या मुळांमधला वायू प्रत्यक्ष मोजला. तिवराच्या कुळातल्या झाडात भरतीबरोबर ऑक्सिजन आणि दाब घसरतो आणि ओहोटीला हवा आत खेचली जाते, हे त्यांनी दाखवलं. कांदळाच्या (रायझोफोरा) जातीवर त्यांनी आणखी एक साधा प्रयोग केला: हवेतल्या मुळांची वल्करंध्रं ग्रीस लावून बुजवली. चिखलातल्या मुळांत आधी १५ ते १८ टक्के ऑक्सिजन होता. दोन दिवसांत तो २ टक्क्यांच्या आसपास आला. झाड उभं होतं, पानं हिरवी होती, पण खाली मुळं गुदमरत होती.

खाली गेलेला सगळा ऑक्सिजन मुळं स्वतःच वापरत नाहीत. थोडा मुळांच्या टोकांतून बाहेर चिखलात झिरपतो, आणि तिथलं विषारी सल्फाइड मुळाला भिडण्याआधीच निकामी होतं. काळ्या चिखलात बारीक मुळांभोवती कधी कधी तांबूस कडं दिसतं. ऑक्सिजनमुळे गंजलेलं लोह आहे ते.

कोकणात ही श्वसनमुळं कोणत्या झाडांना असतात?

प्रामुख्याने दोन: तिवर आणि चिप्पी.

तिवर म्हणजे ॲविसेनिया. आपल्या खाड्यांत ॲविसेनिया मरिना सर्वांत जास्त आणि ॲविसेनिया ऑफिसिनॅलिस त्या मानाने कमी. याची श्वसनमुळं बारीक, सरळ, साधारण पेन्सिलीच्या जाडीची आणि वीतभर उंच, क्वचित जास्त. ती फारशी जाड होत नाहीत. सालीखाली हिरवा थर असतो, म्हणजे थोडं प्रकाशसंश्लेषणही तिथेच चालतं.

चिप्पी म्हणजे सोनेरॅशिया. तिची श्वसनमुळं बुडाशी जाड, टोकाला निमुळती, आणि वर्षानुवर्षं जाड व उंच होत जातात. गाळ जास्त साचतो तिथे काही जातींची मुळं मीटरभराच्याही वर जातात. यातली सोनेरॅशिया आल्बा, म्हणजे पांढरी चिप्पी, ही २०२० पासून महाराष्ट्राची राज्य कांदळवृक्ष, म्हणजे राज्याचं खारफुटीचं झाड आहे. तिची पांढऱ्या केसरांची फुलं रात्री उमलतात आणि वटवाघळं व पतंग त्यांच्याकडे येतात.

बाकीच्या खारफुटींनी हवेचा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला आहे. ब्रुगिएराची मुळं चिखलातून वर येतात, वाकतात आणि पुन्हा खाली जातात. त्यांना गुडघामुळं म्हणतात. हुऱ्याला उभी श्वसनमुळं नसतात, त्याची मुळं पृष्ठभागावरच वळवळत पसरलेली असतात. हुऱ्याचा चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते, तेव्हा त्याच्या फांद्या मोडू नका.

पुस्तकात श्वसनमुळांचं उदाहरण म्हणून कांदळ, म्हणजे रायझोफोरा दिलं आहे. बरोबर आहे का?

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि दरवर्षी मुलं गोंधळतात. अकरावीच्या आणि प्रवेश परीक्षांच्या कितीतरी पुस्तकांत असं वाक्य असतं, की दलदलीत वाढणाऱ्या रायझोफोराची मुळं जमिनीतून सरळ वर येतात आणि त्यांना न्यूमॅटोफोर म्हणतात.

भाट्याच्या खाडीत, आचऱ्याला किंवा वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत जाऊन कांदळाचं झाड बघा. त्याच्या खोडातून आणि खालच्या फांद्यांतून कमानदार मुळं निघून चिखलात उतरलेली दिसतील. दिशा वरून खाली. ही आधारमुळं. जमिनीतून वर येणारी टोकं कांदळाखाली दिसलीच, तर ती शेजारच्या तिवराची किंवा चिप्पीची असतात.

कांदळाच्या आधारमुळांवरही वल्करंध्रं असतात आणि तीही हवा खाली नेतात; शोलँडरचा ग्रीसचा प्रयोग याच मुळांवर झाला होता. त्यामुळे काही लेखक हवा पोचवणाऱ्या सगळ्याच मुळांना सैलपणे न्यूमॅटोफोर म्हणतात. कामाच्या अंगाने ते समजण्यासारखं आहे. पण ‘जमिनीतून सरळ वर येणारी’ हे वर्णन रायझोफोराला लागू पडत नाही. मी मुलांना सांगतो: बहुपर्यायी प्रश्नात पुस्तकातलं उदाहरण आलं तर गुण घालवू नका, पण वर्णनात्मक उत्तरात तिवर किंवा चिप्पी लिहा, आकृतीही त्यांचीच काढा. ज्यांच्या घराशेजारी खाडी आहे त्यांनी तरी झाड पाहून लिहावं.

एका झाडाला किती श्वसनमुळं असतात?

दोन-तीन मीटर उंचीच्या तिवरालाही १०,००० हून जास्त असू शकतात. रोपाला पहिल्या काळात नसतात. आडवी मुळं पसरल्यावर येऊ लागतात.

ही मुळं फक्त झाडाच्याच उपयोगाची का?

झाडाला ती श्वास देतात, बाकीच्यांना घर. ओहोटीला त्यांच्यावर बार्नेकल, छोटे शंख, कालवं आणि बोस्ट्रिकियासारखी तांबडी शेवाळं चिकटलेली दिसतात. मधल्या जागेत निवट्या उड्या मारतात, चिंबोऱ्या बिळं करतात. भरतीला माशांची आणि कोळंबीची पिल्लं इथे शिरतात, कारण मोठ्या माशाला या गर्दीतून वळता येत नाही. पाण्याचा वेग मुळांमुळे मंदावतो आणि गाळ खाली बसतो.

चिप्पीच्या मुळांचं लाकूड इतकं हलकं असतं, की आशियातल्या काही देशांत त्याची बुचं आणि जाळ्यांचे तरंगते करत आले आहेत. आपल्याकडे मात्र खारफुटी तोडणं कायद्याने बंद आहे, तेव्हा हा उपयोग माहितीपुरताच.

गोड्या पाण्यात श्वसनमुळं सापडतात का?

सापडतात, आणि त्यासाठी कोकण सोडावं लागत नाही. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे मिरिस्टिका, म्हणजे रानजायफळाच्या कुळातल्या झाडांची गोड्या पाण्यातली दलदल आहे. अशा दलदली पश्चिम घाटात दक्षिणेकडे जास्त आढळतात. महाराष्ट्रातल्या या जागेला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला आहे. मिरिस्टिका दलदलीतल्या झाडांना आधारमुळं असतात, तसंच चिखलातून वर येऊन पुन्हा आत वळणारी गुडघामुळंही असतात. पाणी खारं नाही, भरती-ओहोटी नाही, तरी चिखलात हवा नाही म्हणून उपाय तोच. श्वसनमुळांचा संबंध मिठाशी नसून हवेच्या तुटवड्याशी आहे, हे इथे पटतं.

दुसरं उदाहरण तळ्यांत पसरणाऱ्या लुडविजिया ॲडसेंडेन्स या वेलीचं. तिच्या पेरांवर साध्या मुळांशिवाय पांढरी, स्पंजासारखी मऊ मुळं येतात. ती हवेने भरलेली असतात आणि वेलीला तरंगायलाही मदत करतात. वनस्पतीचं न्यूमॅटोफोर तरंगण्याच्या कामाला आलेलं बघायचं असेल तर ते हे.

आता प्राण्यांकडे. न्यूमॅटोफोर कोणत्या प्राण्यांना असतं?

सायफोनोफोरांना. जेलीफिश, समुद्रफूल आणि प्रवाळ ज्या निडारिया संघात येतात, त्यातलाच हा गट. यांचे तीन प्रकार आहेत. सिस्टोनेक्टांना वायुपिशवी असते, पण पोहण्याच्या घंटा, म्हणजे आकसून पाणी ढकलणारे घंटेच्या आकाराचे भाग, नसतात. ब्लू बॉटल यातलीच. फिझोनेक्टांना पिशवी आणि घंटा दोन्ही असतात, आणि पिशवी अगदी लहान, बहुधा काही मिलिमीटरांची असते. कॅलिकोफोरांना पिशवीच नसते, ते नुसत्या घंटांवर पोहतात. म्हणजे ‘सायफोनोफोर म्हणजे वायुपिशवी असलेला जीव’ ही व्याख्या चुकते.

पुळणीवर दिसणारी ब्लू बॉटल म्हणजे जेलीफिश ना?

बातम्यांत तसं लिहितात, पण नाही. जेलीफिश हा एकटा प्राणी असतो. ब्लू बॉटल, म्हणजे फिझेलिया, ही वसाहत आहे. एका अंड्यातून सुरुवात होते आणि पुढे कळ्यांसारखे अनेक लहान जीव फुटत जातात, पण ते वेगळे होत नाहीत. काही भक्ष्य पकडतात, काही पचवतात, काही प्रजननाचं काम करतात. एकटा कुणीच जगू शकत नाही.

पूर्वी सगळ्या फिझेलिया एकाच जातीच्या मानत. २०२५ मध्ये जगभरातल्या नमुन्यांच्या जनुकीय अभ्यासानंतर त्यांच्या चार जाती मांडल्या गेल्या.

मग वायुपिशवी हाही त्या वसाहतीतला एक जीव आहे का?

अनेक जुन्या पुस्तकांत तसं लिहिलेलं आहे, आणि अजूनही नोट्समध्ये तेच उतरवलं जातं. पण वाढीचा क्रम पाहिला तर ते टिकत नाही. वसाहतीतले बाकी जीव कळीसारखे फुटतात. पिशवी तशी फुटत नाही. अंड्यातून निघालेल्या प्लॅन्युला अळीचं एक टोक आत वळतं आणि त्यातून पिशवी तयार होते. म्हणून आताचे अभ्यासक तिला स्वतंत्र जीव न मानता वसाहतीच्या मूळ शरीराचा भाग मानतात.

तिला दोन भिंती असतात. बाहेरची न्यूमॅटोकोडॉन, आतली न्यूमॅटोसॅकस. आतल्या भिंतीचा काही भाग वायुग्रंथी म्हणून काम करतो. विद्यापीठाच्या परीक्षेत ही तिन्ही नावं विचारतात.

पिशवीत कोणता वायू असतो?

मला स्वतःला या सगळ्या विषयातलं सर्वांत आश्चर्याचं वाटतं ते हे. वायुग्रंथी कार्बन मोनॉक्साइड तयार करते. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपल्याने माणसं दगावतात, तो हाच वायू. फिझेलिया तो सेरीन नावाच्या अमिनो आम्लापासून बनवते. पुढे पिशवीच्या भिंतीतून बाहेरच्या हवेशी देवाणघेवाण होत राहते, त्यामुळे मोठ्या पिशवीत नायट्रोजन आणि ऑक्सिजनही असतात. समुद्रात खोल राहणाऱ्या फिझोनेक्टांच्या इवल्या पिशव्यांमध्येही कार्बन मोनॉक्साइड सापडला आहे.

आपल्याला तो विषारी ठरतो, कारण आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो घट्ट चिकटतो. या जीवांत हिमोग्लोबिनच नाही. पुळणीवरच्या एका पिशवीतला वायू इतका थोडा असतो, की उघड्यावर त्याने बाधा होण्याची भीती नाही. भीती आहे ती खाली लोंबणाऱ्या, दंश करणाऱ्या दोऱ्यांची.

वायूने भरलेल्या या लहान पिशव्या आवाजाच्या लहरी परतवतात, हीसुद्धा लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट. आवाजाच्या लहरी सोडून समुद्राची खोली मोजताना तळाच्या बऱ्याच वर एक खोटा ‘तळ’ दिसायचा. १९६३ मध्ये एरिक बरहॅम यांनी कॅलिफोर्नियाजवळच्या समुद्रात प्रत्यक्ष खाली उतरून दाखवलं, की तिथल्या अशा थरात फिझोनेक्ट सायफोनोफोर मोठ्या संख्येने होते.

ब्लू बॉटल पावसाळ्यातच किनाऱ्यावर का येतात?

त्यांना हव्या त्या दिशेला पोहता येत नाही. पिशवीच्या वर एक कंगोरा असतो, तो शिडाचं काम करतो. नैर्ऋत्येचा मोसमी वारा जून ते सप्टेंबर समुद्राकडून किनाऱ्याकडे वाहतो आणि त्यांना जुहू, गिरगावपासून कोकणातल्या पुळणींपर्यंत आणून टाकतो. ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबईच्या किनाऱ्यांवर त्या फार आल्या आणि अनेकांना दंश झाले होते.

शिडाचा तिरकेपणा काहींत डावीकडे, काहींत उजवीकडे असतो. त्यामुळे एकाच वाऱ्यात त्या दोन वेगळ्या दिशांना सरकतात आणि सगळ्याच एका वेळी किनाऱ्याला लागत नाहीत.

दोऱ्या लागल्या तर काय करायचं?

घाबरून चोळू नका. चोळल्याने न फुटलेल्या दंशपेशी फुटतात. कातडीवर राहिलेल्या दोऱ्या चिमट्याने किंवा हातमोजा घालून उचला आणि जागा समुद्राच्याच पाण्याने धुवा. गोडं पाणी, वाळू, लघवी यांतलं काहीही लावू नका. त्यानंतर सोसवेल इतक्या गरम, साधारण ४५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तो भाग किमान २० मिनिटं ठेवा. याने वेदना कमी होते. पाणी आधी मोठ्या माणसाने हात घालून तपासावं, लहान मुलाच्या अंदाजावर सोडू नये. व्हिनेगरबद्दल तज्ज्ञांतच मतभेद आहेत, म्हणून त्याच्या शोधात वेळ घालवू नका.

श्वास घ्यायला त्रास, छातीत दुखणं, चक्कर, अंगभर गांधी, किंवा डोळ्याजवळ दंश असेल तर लगेच दवाखाना गाठा. वाळूवर सुकत पडलेली ब्लू बॉटलही दंश करते. मुलं निळा फुगा बघून पायाने फोडायला जातात, त्यांना आधीच सांगून ठेवा.

निळं बटण, जांभळा शंख, सरगॅसमचे मणी, माशाचा बोत: हेही न्यूमॅटोफोरच का?

निळ्या बटणाला, म्हणजे पॉर्पिटाला, चकतीसारखा, आत कप्पे असलेला तरंगता असतो. त्याला काही पुस्तकं न्यूमॅटोफोर म्हणतात, कारण पूर्वी हे जीव सायफोनोफोरांतच धरत. आता त्यांना हायड्रोझोआतल्या वेगळ्या गटात ठेवतात. जांभळा शंख जॅन्थिना बुळबुळीत द्रवाचे बुडबुडे करून त्यांच्या तराफ्याला लटकतो. तो तराफा शरीराचा अवयव नाही. मालवण-रत्नागिरीच्या कातळांवर वाढणाऱ्या सरगॅसम शेवाळाचे हवेचे मणी म्हणजे न्यूमॅटोसिस्ट. नाव जवळचं, शब्द वेगळा. घोळीचा बोत हा माशाचा वाताशय. ही सगळी हवा बाळगणारी साधनं आहेत, पण निळं बटण सोडलं तर न्यूमॅटोफोर हे नाव त्यांना देत नाहीत.

श्वसनमुळं पाहायला कधी आणि कसं जावं?

ओहोटी पूर्ण व्हायच्या तासभर आधी पोचा, म्हणजे पाणी उतरताना मुळं उघडी पडताना दिसतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या दिवसांत पाणी जास्त मागे जातं. चिखलात चालू नका. मुळं पायाखाली मोडतात आणि पायालाही लागतात. बांधावरून, पुलावरून किंवा होडीतून बघा. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत महिला बचत गटाने होडीतून कांदळवन सफर सुरू केली. त्या बायकांना झाडांची नावंही येतात आणि जागाही ठाऊक असतात.

मुळांवर भराव, प्लास्टिक किंवा तेल आलं तर काय होतं?

ग्रीसच्या प्रयोगात जे झालं तेच, फक्त संपूर्ण खाजणाच्या मापाने. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया या जहाजांची टक्कर झाली. सांडलेलं तेल मुंबई आणि रायगडच्या किनाऱ्यावरच्या खारफुटींपर्यंत पोचलं. पानांवरचं तेल डोळ्यांना दिसतं; खरी इजा वल्करंध्रांवर बसलेल्या थराने होते. प्लास्टिकच्या पिशव्या मुळांच्या गर्दीत अडकून चिकटून बसतात आणि तेच करतात.

बांध घालून भरतीचं पाणी अडवलं तर दोन प्रकारे नुकसान होतं. पाणी आत येणं बंद झालं तर चिखल सुकतो आणि मिठाचं प्रमाण वाढतं. आत आलेलं पाणी बाहेरच पडलं नाही तर मुळं सतत बुडालेली राहतात, हवा खेचण्याची वेळच येत नाही. अशा जागी झाड कुणी तोडलेलं नसतं, पण काही महिन्यांत पानं गळून सांगाडे उभे राहतात. ‘आम्ही एकही झाड तोडलं नाही’ हे म्हणणं अशा वेळी अपुरं असतं. मुळं बुजवणं हेही झाड मारणंच आहे.

आमच्या खाडीत कुणी मुळांवर मातीचा भराव टाकला आहे. आता काय करता येईल?

लवकर हालचाल करा. मुळांची टोकं पूर्ण गाडली गेली नसतील आणि भराव लवकर निघाला, तर तिवर सावरण्याची शक्यता असते. टोकं पूर्ण गाडून बराच काळ गेला असेल तर भराव काढूनही खालची मुळं परत येत नाहीत. चिप्पीची मुळं उंच असल्याने तिला थोडा जास्त अवधी मिळतो.

भराव स्वतः यंत्राने उपसायला जाऊ नका. त्यात उरलेली मुळंही तुटतात. जागेचे फोटो तारखेसह घ्या, मुळांची टोकं दिसतील असे जवळूनही घ्या, आणि मोबाइलवर ठिकाणाची नोंद ठेवा. तहसील कार्यालयात आणि वनविभागात लेखी तक्रार द्या. राज्याच्या वनविभागात २०१२ पासून स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे. २०१८ च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवनांच्या नाशावर बंदी घातली आहे, भरावही त्यात येतो. त्या निकालाचा उल्लेख अर्जात करा. पोच घ्यायला विसरू नका, आणि पाणी येण्या-जाण्याची वाट कुठे अडली आहे ते अर्जासोबतच्या नकाशावर खूण करून दाखवा.